साखर मोजता, पाय बघता का?

मधुमेहावर या खेपेला आलेल्या पत्रांत अर्धेअधिक प्रश्न मागच्या उन्हाळ्यातलेच आहेत, गावं तेवढी बदललीत. त्यामुळे उत्तरंही थोडीफार तीच. गोळीचं नाव आणि डोस पत्रातून सांगणार नाही. त्यासाठी समोर बसावं लागतं.

प्रश्न : चहात साखरेऐवजी गूळ चालेल का? सेंद्रिय आहे, पाहुण्यांच्या गुऱ्हाळातला. (गृहिणी, निलंगा)

नाही. गुऱ्हाळ कुणाचंही असो.

प्रश्न : पोळी बंद करून ज्वारीवर आलो. दोन्ही वेळा चार-चार भाकरी खातो, तरी जेवणानंतरची शुगर २६०. ज्वारी शुगर कमी करते ना? (शेतकरी, गेवराई)

ज्वारी शुगर कमी करत नाही. गव्हापेक्षा जरा सावकाश चढवते, एवढंच. तिच्या पिठातही सत्तर टक्क्यांच्या आसपास पिष्टच असतं, आणि तुम्ही दिवसाला आठ भाकरी खाताय. भाकरी कमी करा, ताटात भाजी, वरण, काकडी वाढवा. मात्र गोळ्या चालू असताना जेवण एकदम निम्म्यावर आणलं तर साखर खाली जाऊ शकते. किती कमी करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रश्न : शेतात पत्र्याच्या खोलीत राहतो, फ्रिज नाही. उन्हाळ्यात इन्सुलिन कुठं ठेवू? (सालगडी, परतूर)

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत लागते. वापरात असलेली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण ‘बाहेर’ म्हणजे २५-३० अंशांत. मे महिन्यातला तुमचा पत्रा त्यात बसत नाही. मोठ्या मडक्यात छोटं मडकं ठेवा, मधल्या जागेत वाळू भरून ती ओली ठेवा, आत बाटली झाकणाच्या डब्यात आणि वरून ओलं फडकं. मडकं सावलीत, वारं लागेल असं ठेवा. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, म्हणून हे चांगलं जमतं. पावसाळ्यात तेवढं जमत नाही. बर्फात मात्र खोचू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. आणि एका वेळी एकच बाटली आणा, बाकीच्या मेडिकलवाल्याच्या फ्रिजमध्ये राहू द्या.

न विचारलेलं एक सांगतो. लाल टोपणाची सिरिंज एका मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या बाटलीसाठी, केशरी टोपणाची १०० युनिटवालीसाठी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं तर अडीचपट डोस जातो. पुढच्या भेटीत बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन जा आणि दाखवा.

प्रश्न : आठवडी बाजारात एक गाडी येते. ‘२१ दिवसांत शुगर मुळापासून’ असं भोंग्यावर सांगतात. त्यांची पुडी घेतली आणि माझी शुगर खरंच उतरली! गोळ्या बंद करू का? (किराणा दुकानदार, माजलगाव)

करू नका. अशा पुड्यांत शुगर उतरवणाऱ्या ॲलोपॅथीच्या गोळ्या कुटून घातल्याचं अनेकदा सापडलं आहे. तुमची उतरली ती जडीबुटीनं की कुटलेल्या गोळीनं, ते गाडीवाला सांगणार नाही, आणि पुढच्या बाजारी तो असेलच असंही नाही. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं बंदी आहे, तरी भोंगा वाजतोच. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, किडनीची तपासणीही करून घ्या.

प्रश्न : नर्सिंगमध्ये पीएच.डी. करणाऱ्या एक ताई गावात प्रश्नावली घेऊन आल्या होत्या. ‘मागच्या सात दिवसांत किती दिवस पाय तपासला?’ असं विचारलं. मला हसूच आलं. शुगरचा आणि पायाचा काय संबंध? सहीही मागत होत्या, द्यावी का? (निवृत्त शिक्षक, औसा)

आधी सहीचं. संमतिपत्र मराठीत आहे का, संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी आहे का, रक्त घेणार असतील तर किती आणि कशासाठी, एवढं विचारा. मधेच नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारावर परिणाम होणार नाही, हेही त्यात लिहिलेलं हवं. असेल तर खुशाल करा.

आता हसण्याचं. गुरुजी, हा प्रश्न त्या ताईंच्या मनचा नाही. मधुमेहाच्या स्वतः घ्यायच्या काळजीवरची एक प्रश्नावली २००० साली अमेरिकेत सुधारून प्रसिद्ध झाली, ती जगभरचे संशोधक वापरतात. आहार, व्यायाम, शुगर तपासणी यांबरोबर तिच्यात पायाचे दोन प्रश्न आहेत : किती दिवस पाय पाहिला, आणि किती दिवस बुटाच्या आत पाहिलं. माझ्या दवाखान्यात विचारलं तर बहुतेकांचं उत्तर शून्य येतं. ग्लुकोमीटरचे आकडे मात्र वहीत तारीखवार असतात.

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या, मग जळजळ, रात्री पांघरुणाचा स्पर्श नकोसा होतो. पुढं एक दिवस सगळं थांबतं. माणूस म्हणतो, बरं झालं. बरं कसलं, नस गेली!

मागच्या पावसाळ्यात एक शेतकरी ‘तापानं अंग मोडलंय’ म्हणून आला. चप्पल काढायला लावली, तर तळव्यात बाभळीचा काटा, करंगळीच्या पेराएवढा. भोवतीची कातडी पांढरी पडून फुगलेली, दाबली की पू. विचारलं, कधी मोडला? तो माझ्याकडंच बघायला लागला. “काटा? मला कायबी म्हाईत न्हाई, साहेब.” त्याच पायानं चार दिवस औत हाकलं होतं. दोन बोटं काढावी लागली. बायको म्हणत होती, वास येत होता, पण पेरणी उरकू द्या म्हणाले.

काटा दुखत नाही म्हणून माणूस येत नाही, आणि येत नाही म्हणून बोट जातं. कोजागरीला तुळजापूरला अनवाणी जाणारे दरवर्षी माझ्याशी वाद घालतात. आईवर माझीही श्रद्धा आहे. पण बधिर पायानं तापल्या डांबरावर चालू नका, निदान आधी पाय दाखवून जा.

रोज झोपताना दोन्ही तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा, नाहीतर नातवाला बघायला सांगा, त्याचे डोळे आपल्यापेक्षा बरे असतात. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, तिथं तेल नको. चप्पल-बूट घालण्याआधी उलटे करून झटका. एका आजींच्या बुटातून मी चिंचोका काढलाय, दिवसभर त्यावरच चालल्या होत्या. पाय शेकायला गरम पाणी घेऊ नका, कुरूप ब्लेडनं तासू नका, जखमेवर चुना, राख, टूथपेस्ट काहीही नको. जखम दिसली की त्याच दिवशी दाखवा. आणि वर्षातून एकदा नायलॉनच्या जाड केसासारख्या तंतूनं, म्हणजे १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटनं, तपासणी करून घ्या. डोळे मिटून ‘लागलं’ म्हणायचं, दोन मिनिटांचं काम. डॉक्टर पायाला हात लावत नसतील तर तुम्हीच चप्पल काढून बसा.

प्रश्न : चुलतभाऊ बांधावर मृतावस्थेत सापडला. त्याला शुगर होती. गावात विषाची चर्चा आहे, व्हिसेरा (शवविच्छेदनात काढलेले आतल्या अवयवांचे तुकडे) राखून ठेवलाय. मृत्यूनंतर शुगर मोजता येते का? (वाचक, कळमनुरी)

रक्तातली मोजून फारसा उपयोग नाही. लॅबमध्ये शुगरचं रक्त राखाडी टोपणाच्या नळीत घेतात, कारण तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं. ते नसेल तर रक्तपेशीच साखर खातात आणि तासाला ५ ते ७ टक्के ती घटते. मृत्यूनंतर शरीरात तेच चालतं, काही जागी उलट यकृतातली साखर मिसळते. म्हणून न्यायवैद्यकात डोळ्याच्या गोळ्यातला पारदर्शक द्रव तपासतात. त्यात साखर आणि कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे पदार्थ) खूप जास्त निघाले तर मधुमेह हाताबाहेर गेला होता असं म्हणता येतं. साखर कमी निघाली तर मात्र काहीच ठरत नाही, कारण ती तिथंही हळूहळू घटते. हा द्रव शवविच्छेदनाच्या वेळीच घ्यावा लागतो. घेतला होता का, ते त्या डॉक्टरांनाच विचारा. विषाचं उत्तर प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल देईल, गावच्या पारावरची चर्चा नाही. भावाचे जुने रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं तपास अधिकाऱ्यांकडं द्या, आणि ते आजच करा.

प्रश्न : बसस्टँडवर घाम सुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं. लोक म्हणाले, पिऊन आलाय. (चालक, परभणी)

साखर ७० च्या खाली गेली असणार. खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी ठेवा. असं झालं की तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, नाही चढली तर परत घ्या, मग जेवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र कुणी काही ओतू नये, १०८ ला फोन करावा. ‘मला मधुमेह आहे’ अशी चिठ्ठी परवान्याबरोबर ठेवा. आणि डोस तपासून घेतल्याशिवाय उद्या स्टिअरिंगवर बसू नका.