संगणक-शंका : विंडोज पुन्हा टाकण्याआधी

प्रश्न : आमचा जुना संगणक महिनाभरापासून सुरू होतानाच डिस्कची तपासणी करू लागतो आणि मध्येच अडकून बसतो. जेल रोडवरील दुकानदार म्हणतात, ‘सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकतो, डी ड्राइव्हला धक्का लागणार नाही.’ माझ्या वडिलांचे टंकलिखित मराठी लेख डी ड्राइव्हमध्येच आहेत. संगणक द्यावा का?
— एक वाचिका, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : इतक्यात देऊ नये. दुकानदारांचे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे. सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात, त्यामुळे डिस्कच झिजली असेल तर डी ड्राइव्हही तितकाच धोक्यात असतो.

बिघाड दोन प्रकारचा असू शकतो. वीज अचानक गेल्याने फाइलींची नोंदवही विस्कटली असेल, तर विंडोजमधील चेकडिस्क, म्हणजे सुरू होताना डिस्क तपासणारी सोय, ती बरीचशी सावरते. मात्र डिस्कच्या पृष्ठभागावरील सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचे छोटे कप्पे, खराब झाले असतील, तर हीच चेकडिस्क प्रत्येक सेक्टर वाचण्याच्या खटपटीत थकलेल्या डिस्कला तासन्‌तास राबवते, आणि दुरुस्ती म्हणून फाइलींचे तुकडे वेगळ्या फोल्डरात टाकून मोकळी होते. म्हणून आधी लेख उतरवून घ्यावेत आणि दुरुस्तीचे नंतर पाहावे.

त्यासाठी डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडावी, तिच्यावर नवे काहीही लिहू नये आणि तपासणीची सूचना आल्यास ती नाकारावी. वाचन वारंवार अडखळत असेल, तर लिनक्स या विंडोजखेरीजच्या कार्यप्रणालीवरील डीडीरेस्क्यू हे मोफत साधन उपयोगी पडते. ते आधी सुस्थितीतला भाग उतरवते आणि खराब जागांकडे शेवटी वळते. डिस्कमधून टक्‌टक्‌ आवाज येत असेल, तर मात्र ती पुन्हा सुरूच करू नये आणि धूळविरहित कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरी केंद्राकडे द्यावी. घरी ती उघडून पाहण्याचा मोह तर अजिबात नको.

नवे विंडोज नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कवर, टाकावे. खराब सेक्टर वाढत चाललेल्या डिस्कवर ते टाकणे म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही वाया घालवणे. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून किमान 8 जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज टाकण्याची प्रत तयार करता येते. विंडोज 10चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने, तीच आवृत्ती (होम किंवा प्रो) निवडल्यास केवळ डिस्क बदलल्याने तो सहसा जात नाही; मात्र विंडोज 10चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षा-सुधारणा मिळणे, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, तेव्हा संगणक विंडोज 11ला पात्र आहे का, हे आधी तपासावे.

एक गोष्ट दुकानात सहसा कोणी विचारत नाही. लेख शिवाजी किंवा कृतिदेव अशा युनिकोडपूर्व (मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवणाऱ्या) फॉन्टमध्ये असतील, तर नव्या विंडोजमध्ये ते उघडतील, पण पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतील, आणि फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकण्याची चूक होईल. ते फॉन्ट सी ड्राइव्हमध्ये असतात. म्हणून लेखांबरोबर जुन्या विंडोजमधील फॉन्ट्स हा फोल्डरही उतरवून घ्यावा.