बाळ राहिले नाही, तर रजा राहते का? (प्रश्नोत्तरे)

ऑस्ट्रेलियातील नोकरीच्या हक्कांविषयी तेथील मराठी वाचक विचारतात त्या प्रश्नांना या सदरात उत्तरे देतो. या वेळची चारही पत्रे एकाच दुःखाभोवतीची असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : एकतिसाव्या आठवड्यात आमचे बाळ पोटातच गेले. कंपनीने पगारी प्रसूती रजा आधीच मंजूर केली होती. आता एचआर म्हणते, ‘बाळ नाही, तर रजा कशाची?’ मी तात्पुरत्या व्हिसावर आहे.

तिसऱ्या दिवशी दूध येते, टाके दुखतात, आणि कपाटात आजीने विणलेले टोपरे तसेच असते. अशा बाईला ‘रजा कशाची’ असे विचारणारा माणूस बाळंतपण म्हणजे काय ते विसरलेला असतो. कायदा मात्र आता विसरलेला नाही. 42 दिवस जगलेल्या प्रिया नावाच्या मुलीच्या आईची मंजूर झालेली पगारी रजा नियोक्त्याने मुलीच्या मृत्यूनंतर रद्द केली होती. त्या प्रकरणातून फेअर वर्क कायद्यात, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या नोकरीविषयक मुख्य कायद्यात, दुरुस्ती झाली आणि ती नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. बाळ मृत जन्मले किंवा जन्मानंतर गेले, एवढ्याच कारणावरून नियोक्त्याला आपण देऊ केलेली पगारी पालकत्व रजा नाकारता किंवा रद्द करता येत नाही. तुमच्या करारात मृतजन्माविषयी आधीच स्पष्ट कलम असेल तर गोष्ट वेगळी होऊ शकते, म्हणून करार आधी वाचून घ्या. रजा मंजुरीचा ईमेल जपून ठेवा आणि यापुढचे सगळे बोलणे लेखी करा.

हा कायदा मला अपुरा वाटतो, हेही सांगतो. जी कंपनी मुळात पगारी रजा देतच नाही, तिला तो ती द्यायला लावत नाही. व्हिसाची चिंता मात्र येथे करू नका, कारण नोकरीतले हे किमान हक्क व्हिसा पाहून मिळत नाहीत. सरकारकडून मिळणाऱ्या पालकत्व वेतनाचे तसे नाही. त्याला रहिवासाच्या अटी आहेत आणि बहुतेक तात्पुरते व्हिसा त्यांत बसत नाहीत.

प्रश्न : मी त्याच परिस्थितीतला बाप आहे. मला ‘दोन दिवस मिळतील’ असे सांगितले गेले. हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. दोन दिवस ही दुखवट्याची रजा झाली. कायम नोकरीत असाल तर ती पगारी असते, कॅज्युअल, म्हणजे काम असेल तेवढेच बोलावले जाणारे, असाल तर बिनपगारी. त्याशिवाय, एका नियोक्त्याकडे बारा महिने काढलेल्या पालकाला बारा महिन्यांपर्यंत बिनपगारी पालकत्व रजेचा हक्क आहे, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर बाळ मृत जन्मले किंवा चोवीस महिन्यांच्या आत गेले तरी तो हक्क टिकतो. मृतजन्म म्हणजे किमान वीस आठवड्यांचे किंवा 400 ग्रॅम वजनाचे बाळ. त्याआधी गर्भ गेला तर बापाच्या हाती दुखवट्याचे दोन दिवस उरतात, आणि तेही 2021 पासून.

प्रश्न : माझ्या पत्नीने जन्म दिलेले आमचे बाळ नवव्या दिवशी गेले. मी जन्मदात्री नाही. ऑफिसच्या अर्जावर ‘माता’ आणि ‘पिता’ असे दोनच रकाने आहेत.

अर्ज जुना आहे, कायदा जुना नाही. डिसेंबर 2017 पासून ऑस्ट्रेलियात समलिंगी विवाह कायदेशीर आहेत. शिवाय फेअर वर्क कायदा लग्न न झालेल्या जोडीदारालाही, स्त्री असो वा पुरुष, जोडीदारच मानतो. बाळाचा सांभाळ तुम्हीही करणार होता, म्हणून वरच्या उत्तरातली दोन्ही रजा तुम्हालाही लागू आहेत. दोन्ही शब्द खोडून ‘जोडीदार’ लिहा, सोबत जन्म-मृत्यूच्या नोंदीची प्रत जोडा. या अर्जामुळे घरची गोष्ट साहेबाला प्रथमच कळणार असेल, तर ती धास्ती मी समजू शकतो. पण लैंगिक कलावरून नोकरीत डावलणे हेही त्याच कायद्याने निषिद्ध आहे.

प्रश्न : आमच्या मुलीने आणि तिच्या पत्नीने बाळ गमावले. त्या दिवसांत ती मेलबर्नचे जॉय रेडिओ ऐकत बसायची. आम्ही दोघे पेन्शनर. त्या केंद्राला काही द्यावेसे वाटते, पण कसे?

जॉय 94.9 या समलिंगी आणि इतर एलजीबीटी लोकांच्या रेडिओ केंद्राने 1 डिसेंबर 1993 रोजी, जागतिक एड्स दिनी, प्रसारण सुरू केले. आता ते सेंट किल्डा येथील व्हिक्टोरियन प्राइड सेंटरमधून चालते. सामुदायिक परवान्यावरच्या केंद्राला व्यापारी जाहिराती घेता येत नाहीत. प्रायोजकांच्या घोषणा चालतात, त्याही तासाला पाच मिनिटांपर्यंत. त्यामुळे मोठी भिस्त सभासद, देणगीदार आणि फुकट राबणारे स्वयंसेवक यांच्यावर असते. भाडे आणि वीजबिल दर महिन्याला येते, म्हणून माझा सल्ला असा की एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा सभासद व्हा आणि पेन्शनला झेपेल एवढी रक्कम दरमहा चालू ठेवा. समलिंगी जोडप्यांनी गमावलेल्या बाळांविषयी एखादा कार्यक्रम करा, असे केंद्राला लिहूनही सुचवा. आपल्याकडे अशा बाळाविषयी चार माणसांत बोलायची रीत नाही, आणि आजी-आजोबांकडून आलेली मागणी सहसा टाळली जात नाही.

देणगी बाळाच्या नावे द्यायचा विचार असेल, तर आधी मुलीला आणि सुनेला विचारा. नाव ठेवले असेलच. ते चारचौघांत घ्यायचे की नाही, हे त्या दोघींनी ठरवायचे आहे.