राजापूर तालुक्यात अणुऊर्जेबद्दल लोकांचं मत कसं विचारावं?

तुमच्या कॉलेजच्या सर्वेक्षणात 400 घरं आणि मुख्य प्रश्न ‘अणुऊर्जेला तुमचा पाठिंबा आहे का, हो की नाही?’ असा आहे. आधी हा प्रश्न काढून टाका. यात चार वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत: देशात अणुवीज असावी का, ती आपल्या गावाशेजारी असावी का, अणुवीज प्रकल्प चालवणाऱ्यांवर विश्वास आहे का आणि जमिनीचा मोबदला पुरेसा वाटतो का. तारापूरची अणुवीज चालते पण याच तालुक्यातला प्रस्तावित जैतापूर अणुप्रकल्प नको, असं म्हणणारा माणूस तुमच्या कागदावर कुठे बसणार? चारही प्रश्न स्वतंत्र विचारा, प्रत्येकाला ‘सांगता येत नाही’ हा पर्याय ठेवा.

गावं एका गठ्ठ्यात धरू नका. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली, वरीलवाडा इथे मुद्दा प्रकल्पासाठी गेलेल्या सुमारे 938 हेक्टर जमिनीचा. खाडीपलीकडच्या साखरीनाट्यात जमीन गेलेलीच नाही. तिथली काळजी मासेमारीची आणि प्रकल्पातून समुद्रात सुटणाऱ्या गरम पाण्याची. मोबदल्याचा प्रश्न तिथे विचारलात तर लोक सौजन्यापोटी काहीतरी उत्तर देतील आणि तुमच्या तक्त्यात कचरा भरेल.

गरम पाण्याबद्दल लोक उलट तुम्हालाच विचारतील, तेव्हा हिशेब तयार ठेवा. 1650 मेगावॅटच्या एका अणुभट्टीत सुमारे 4600 मेगावॅट उष्णता निर्माण होते. वीज वजा जाता उरलेली जवळजवळ 2900 मेगावॅट समुद्रात जाते. पाणी 5 अंशांपेक्षा जास्त तापू द्यायचं नसेल तर सेकंदाला साधारण 145 घनमीटर पाणी फिरवावं लागतं. जैतापूरला अशा सहा भट्ट्या प्रस्तावित आहेत. मात्र हे सगळं मुलाखत संपल्यावर सांगा. मध्येच सांगितलंत तर पुढची उत्तरं तुमची असतील, त्यांची नाहीत. त्याच कारणाने जपानमधल्या फुकुशिमा अणुअपघाताचा उल्लेखही प्रश्नावलीत अगदी शेवटी.

आता नमुना. 40 वाड्यांतून दहा-दहा घरं घेतलीत तर 400 होतात खरे, पण एका वाडीतली माणसं बैठकीत एकत्र बसून मत ठरवतात. मतांमधलं हे साम्य (0 म्हणजे अजिबात नाही, 1 म्हणजे सगळ्यांचं एकच मत) अगदी माफक, म्हणजे 0.1 धरलं तरी 400 मुलाखतींची किंमत 210 एवढीच उरते आणि चुकीची मर्यादा 5 टक्क्यांवरून जवळपास 7 वर जाते. शक्य असेल तर 80 वाड्या, प्रत्येकी पाच घरं. पायपीट वाढेल, इलाज नाही.

दुपारी गेलात तर घरात म्हातारी माणसंच भेटतील. दार उघडेल त्याला न विचारता घरातल्या 18 वर्षांवरच्या सगळ्यांची नावं लिहून चिठ्ठी काढा. ती व्यक्ती नसेल तर संध्याकाळी परत जा. मच्छीमार घरी हवे असतील तर 1 जून ते 31 जुलै ही बंदीची मुदत बरी. गणपतीत चाकरमानी येतात. त्यांचं मत घ्यायचं असेल तर घ्या, पण कायम राहणाऱ्यांत मिसळू नका.

सरपंचांना आधी कळवा, पण घरोघरी त्यांना बरोबर नेऊ नका. बारसूत 2023 साली रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणावरून मोठं आंदोलन झालं, त्यामुळे या तालुक्यात अनोळखी माणूस कागद घेऊन वाडीत शिरला की जमिनीची मोजणी आली अशी शंका येणारच. कॉलेजचं पत्र मराठीत ठेवा, दारातच वाचून दाखवा. सातबारा, गट नंबर यातलं काहीही विचारू नका, सहीसुद्धा नको. तोंडी होकार पुरतो.