वादळात पडलेल्या कडुनिंबाच्या फांदीतून कातकामासाठी लाकूड कसे काढावे

नमस्कार.

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : नागपुरात धरमपेठेत आपल्या घरासमोर कडुनिंबाची साधारण १० इंच जाडीची फांदी अवकाळी वादळात पडली आहे. तिचे दोन-दोन फुटांचे ओंडके करून जिन्याखाली सावलीत वर्षभर वाळवावेत आणि मग लेथवर (लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर) वाडगे व एक पोळपाट कातावा, असा आपला विचार आहे. गेल्या वर्षी विलायती शिरीषाचे ओंडके याच पद्धतीने ठेवले होते आणि ते सगळे उकलले. त्यामुळे या वेळी सावलीत किती महिने ठेवावे आणि साल काढावी की राहू द्यावी, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते महिन्यांचा हिशेब नंतरचा आहे. अख्खा गोल ओंडका कितीही दिवस सावलीत ठेवला तरी तो उकलणारच. लाकूड वाळताना त्रिज्येच्या दिशेने जेवढे आक्रसते, त्याच्या साधारण दुप्पट परिघाच्या दिशेने आक्रसते, आणि लांबीत मात्र जवळजवळ आक्रसतच नाही. ओंडका अख्खा असेल तर परिघाला आत यायला जागा मिळत नाही. मग सालीपासून मध्यबिंदूपर्यंत (वाढीची वर्तुळे जिथून सुरू होतात तिथपर्यंत) पाचरीच्या आकाराची एक मोठी चीर पडते आणि तिच्या आजूबाजूला बारीक तडे जातात. विलायती शिरीष हे खरे तर फार कमी आक्रसणारे लाकूड आहे. ओले असल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत ते परिघाच्या दिशेने साडेतीन टक्क्यांच्या आसपास आणि त्रिज्येच्या दिशेने दोन टक्क्यांच्या आसपासच आक्रसते. तेही आपल्याकडे उकलले, याचा अर्थ दोष लाकडाचा किंवा सावलीचा नव्हता, मध्यबिंदू लाकडात तसाच राहिला होता. म्हणून कडुनिंबाची फांदी आजच उभी, म्हणजे लांबीच्या दिशेने, चिरून तिचा मधला भाग काढून टाकावा.

त्याआधी कायद्याचे दोन शब्द. रस्त्यावरचे झाड महानगरपालिकेचे असते, त्यामुळे पडलेली फांदीसुद्धा परस्पर उचलू नये. उद्यान विभागाला कळवावे आणि फांद्या उचलायला आलेल्या माणसांना विचारून, शक्यतो लेखी होकार घेऊन, हवे तेवढे तुकडे बाजूला ठेवून घ्यावेत. झाडाला लटकत राहिलेली अर्धवट तुटलेली फांदी स्वतः कापू नये, कारण उभ्या झाडाला हात लावायचा तर १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. साग आणि चंदन असेल तर वन विभागाला विचारल्याशिवाय तुकडासुद्धा घरी आणू नये. फांदी विजेच्या तारेवर टेकलेली असेल तर महावितरणची माणसे येईपर्यंत तिच्या जवळही जाऊ नये.

आता मुख्य काम. फांदीला आपण बारीक खोड समजतो, पण तिची आतली घडण खोडासारखी नसते. खोड सरळ उभे असते, तर फांदी वर्षानुवर्षे आडवी राहून आपले वजन तोलून धरते. रुंद पानांच्या झाडांत त्यासाठी फांदीच्या वरच्या बाजूस एक निराळ्या प्रकारचे लाकूड तयार होते. त्याला ताणकाष्ठ म्हणतात. या लाकडाची दोन लक्षणे कातकाम करणाऱ्याला त्रास देतात. एक म्हणजे ते लांबीतही जाणवण्याइतके आक्रसते, त्यामुळे पट्टी धनुष्यासारखी वाकते. दुसरे म्हणजे पटाशीखाली ते स्वच्छ कापले न जाता त्याची लोकर निघते, आणि पॉलिश पेपर कितीही घासला तरी पृष्ठभाग केसाळच राहतो. फांदीचा छेद नीट पाहिला तर मध्यबिंदू बरोबर मधोमध नसून एका बाजूला सरकलेला दिसतो. ज्या बाजूची रुंदी जास्त, ती बहुधा फांदीची वरची बाजू असते.

म्हणून फांदी जमिनीवरून हलवण्यापूर्वी ती झाडावर असताना वर कोणती बाजू होती हे ओळखून त्या बाजूवर खडूने पूर्ण लांबीची रेघ ओढावी. तुटलेल्या टोकाचा उतार, बाजूच्या डहाळ्यांची दिशा आणि मध्यबिंदूची जागा या तिन्हींवरून ते कळते. लांबीच्या दिशेने चिरताना, फांदी झाडावर होती तशी धरून, करवत मध्यबिंदूतून आडवी जाईल असे पाहावे, म्हणजे वरचा अर्धा भाग वेगळा आणि खालचा अर्धा भाग वेगळा होईल. रेघेवरून खाली अशी चीर घेतली तर दोन्ही अर्धकांत निम्मे ताणकाष्ठ व निम्मे साधे लाकूड येते आणि दोन्ही तुकडे वाळताना पिळवटतात. आडवी चीर घेतल्यास खालचे अर्धक निर्धोक मिळते आणि जो काही त्रास व्हायचा तो वरच्या अर्धकापुरता राहतो. चांगला वाडगा खालच्या अर्धकातून काढावा, वरचे सरावासाठी ठेवावे.

ओंडक्याची लांबी दोन फूट ठेवावी, हे आपले म्हणणे बरोबर आहे. टोकांकडून ओल फार वेगाने निघून जाते, म्हणून तिथे एक-दीड इंच वाया जाणार हे धरून चालावे. मे-जूनच्या नागपुरी हवेत कापलेल्या टोकावर दुपारपर्यंत केसासारखे तडे दिसू लागतात. त्यामुळे करवत थांबताच टोकांना लेप द्यावा. घरात उरलेला इमल्शन रंग दोन-तीन हात दिला तरी चालतो, फेव्हिकॉलही चालतो, पण सर्वांत उत्तम म्हणजे वितळवलेले पॅराफिन मेण. मेण थेट ज्योतीवर ठेवू नये, गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून वितळवावे. मेण लावलेला तुकडा उन्हात किंवा पत्र्याच्या शेडखाली ठेवू नये. नागपूरचा पारा २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेला होता, आणि उन्हात तापलेला पत्रा हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. तिथे मेण मऊ होऊन ओघळते व लेप निकामी होतो.

रस्त्याकडेच्या झाडांत खिळे, जाहिरातींच्या पाट्यांचे स्क्रू, रोषणाईच्या तारा असे काहीही दडलेले असते आणि लाकूड त्यावर वाढून ते पूर्ण झाकून टाकते. छेदावर कुठे निळसर काळा डाग दिसला आणि तो रेषेच्या (लाकडाच्या तंतूंच्या) दिशेने लांबट पसरलेला असला, तर आत लोखंड आहे असे समजावे. लाकडातील टॅनिन आणि लोखंड यांचा संयोग होऊन तो रंग येतो. असा तुकडा आरा मशीनवर नेऊ नये. पाते तुटले तर त्याची भरपाई मागितली जाईल, आणि ती मागणी रास्तच असेल. स्वस्त मेटल डिटेक्टर मिळतो, तो जवळ असणे चांगले. आरा मशीनवर जायचे नसेल तर पाचर आणि घणानेही ओंडका उभा फोडता येतो. पण कडुनिंबाची रेष आलटून-पालटून उलट दिशांना गुंफलेली असते, त्यामुळे तो सरळ फुटेलच असे नाही. चेनसॉ चालवणारा माहीतगार माणूस मिळाला तर त्याच्याकडूनच चिरून घ्यावा.

फांदी जिथे दोन भागांत फुटते ते बेचके उचलणारी माणसे बहुधा पहिल्यांदा तोडतात, कारण ते गाडीत मावत नाही. त्यांना आधीच सांगून ठेवावे की बेचक्याच्या खाली एक फूट व वर एक-एक फूट सोडून कापा. दोन्ही फांद्यांचे मध्यबिंदू एकाच पातळीत येतील अशी चीर घेतली तर आत पिसासारखी नक्षी निघते. हा तुकडा सगळ्यांत उशिरा वाळतो आणि सगळ्यांत सहज तडकतो, पण पूर्ण फांदीत मोलाचा भाग तोच असतो.

१० इंची फांदीतून किती मोठी वस्तू निघेल याचा हिशेब आधीच करावा. साल व तिच्याखालचा थर जाऊन हाती साधारण ९ इंच व्यास उरतो. मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंचे पाऊण-पाऊण इंच काढून टाकले की एका अर्धकातून सुमारे ८ इंच व्यासाचा, ३ इंच खोल वाडगा निघतो. वाडग्याचे तोंड मध्यबिंदूकडे आणि बूड सालीकडे ठेवावे. पोळपाटाचा विचार मात्र सोडावा, असे मी स्पष्ट सांगेन. नेहमीच्या मापाची सपाट पाटी हवी असेल तर ती मध्यबिंदूतूनच जाईल, आणि मध्यबिंदू टाळून घेतली तर ८ इंचांच्या फारशी वर जाणार नाही, शिवाय वाळल्यावर ती पन्हळीसारखी वाकेल. पोळपाटाला जाड खोडाचीच फळी लागते. याच फांदीच्या उरलेल्या भागांतून लाटणी मात्र उत्तम होतील.

वाडगे आठवडाभरातच ओल्या लाकडातून जाडे कातून घ्यावेत. भिंतीची जाडी व्यासाच्या एक-दशांश, म्हणजे ८ इंची वाडग्याला सुमारे २० मिलिमीटर, आणि ती काठापासून बुडापर्यंत सारखी असावी. बूड जाड राहिले तर तडा तिथूनच जातो. चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरण्याची बैठकही जरा मोठी ठेवावी, कारण वाळल्यावर वाडगा अंडाकृती होतो आणि बैठक पुन्हा गोल करावी लागते. ओबडधोबड अर्धक पहिल्यांदा लेथवर चढवताना फेसप्लेटला (लेथवर बसणाऱ्या धातूच्या चकतीला) लांब स्क्रूंनी बांधावे, वेग मिनिटाला ४००-५०० फेऱ्यांच्या वर नेऊ नये आणि पूर्ण चेहरा झाकणारा पारदर्शक मुखवटा असल्याशिवाय स्विच दाबू नये. उन्हाळ्यात पडलेल्या फांदीची साल सैल असते आणि ती फिरताना उडते. कडुनिंबाची बारीक धूळ नाका-घशाला झोंबते, त्यामुळे घासकामाच्या वेळी मास्क हवाच. गाउज (गोलसर धारेची पटाशी) वारंवार धार लावूनच वापरावी, नाहीतर गुंफलेली रेष उपटून निघते.

कातलेल्या जाड वाडग्याच्या काठाला व बाहेरच्या बाजूला जिथे रेषेची टोके उघडी पडतात तिथे मेण लावून तो खाकी कागदाच्या पिशवीत ठेवावा. प्लास्टिकमध्ये ठेवल्यास बुरशी येते. कूलरच्या झोतासमोर किंवा पंख्याखाली ठेवू नये. पेन्सिलने बुडावर तारीख व वजन लिहावे, दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून खाली नवा आकडा मांडावा. सलग तीन-चार आठवडे आकडा हलला नाही की लाकूड हवेशी जुळले.

ते कोणत्या हवेशी जुळले, यावर आपल्याकडे पुढचे सारे अवलंबून असते. मे महिन्यातील कोरड्या दुपारी लाकडात ओल चार-पाच टक्क्यांपर्यंत उतरू शकते आणि श्रावणातील झडीत तेच लाकूड पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत ओल धरते. मे महिन्यात घट्ट बसवलेले डब्याचे झाकण ऑगस्टमध्ये निघत नाही, ते यामुळे. जूनच्या आरंभी पडलेली फांदी त्या दृष्टीने बऱ्या वेळी पडली आहे. पहिले दोन आठवडे ऊन-वाऱ्यापासून जपले की पावसाळी हवा पुढचे वाळणे आपोआप सावकाश करते. ऑक्टोबरनंतर वजन भराभर उतरेल, आणि डिसेंबर-जानेवारीत, हवा दोन्ही टोकांच्या मधली असताना, शेवटचे कातकाम करावे. वर्षभर थांबण्याची गरज नाही.

सालीबद्दल विचारले आहे. महिन्याभरात कातायचा तुकडा असेल तर साल राहू द्यावी, ती बाजूंची ओल धरून ठेवते. पावसाळाभर तसाच ठेवायचा असेल तर काढावी, कारण सालीखाली आणि फिकट बाह्यकाष्ठात कीड अंडी घालते. कडुनिंबाला कीड लागत नाही ही समजूत गाभ्यापुरतीच बऱ्यापैकी खरी आहे. खाली पिठासारखा बारीक भुसा पडू लागला तर घुण आहे. शोभेच्या वस्तूंच्या तुकड्यांना बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे कोमट द्रावण लावता येते, पण ज्यात खाद्यपदार्थ ठेवायचे त्या वाडग्यांना ते लावू नये. अशा वेळी फिकट भाग कातून टाकणेच बरे.

पुढील वादळांसाठी एवढे सांगतो की विलायती शिरीष दिसला तर पुन्हा घ्यावा, नवशिक्यासाठी त्याच्याइतके सोशिक लाकूड नागपुरात दुसरे नाही. चिंचेच्या फांदीत गडद गाभा अगदी थोडा असतो. गुलमोहर घेऊ नये, तो मऊ, भरड आणि लवकर कुजणारा. कण्हेरीला विषामुळे हात लावू नये. काटोल-नरखेडकडे कोणी जुनी संत्र्याची बाग काढत असेल तर मात्र मुद्दाम जावे. ते पिवळसर, घट्ट आणि बारीक पोताचे लाकूड छोट्या डब्यांसाठी फार सुरेख आहे.

उरलेल्या डहाळ्यांतून तान्ह्या पोळ्याच्या नंदीची चाके करण्याचा मोह होईल. त्यासाठी फांदीच्या आडव्या चकत्या पाडू नयेत. प्रत्येक चकतीत मध्यबिंदू राहतो आणि ती सणाआधीच उकलते. उभ्या चिरलेल्या तुकड्यातून अर्ध्या इंच जाडीची पट्टी काढून तिच्यातून चाक कातावे. एवढी पातळ पट्टी टोकांना मेण लावून आताच ठेवली तर पोळ्यापर्यंत कातण्याजोगी वाळते.