मागच्या शॉकअपला पाना लावण्यापूर्वी

दुचाकी वळणावर डुलते म्हणून लगेच पाना हाती घेऊ नका. आधी टायर थंड असताना पुस्तिकेत दिल्याप्रमाणे हवा भरा, कारण सस्पेन्शनच्या माथी मारल्या जाणाऱ्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

त्यानंतर मोजमाप घ्या. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी असताना त्याच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर टेपने मोजा. मग हेल्मेट घालून, नेहमीच्या बैठकीत, चाके जमिनीवर असलेल्या गाडीवर बसा आणि दुसऱ्याकडून तेच अंतर पुन्हा मोजून घ्या. या दोहोंतील फरक, म्हणजे सॅग, चाकाच्या एकूण उभ्या हालचालीच्या साधारण ३० टक्के असावा. हालचाल १२० मिमी असेल तर ३६ मिमीच्या आसपास. तो जास्त भरल्यास प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, शॉकअपवरच्या कड्याच्या एका खाचेने वाढवा, कमी भरल्यास घटवा, आणि दोन शॉकअप असतील तर दोन्हीकडे खाच एकच ठेवा.

प्रीलोडमुळे स्प्रिंग कडक होते, हा समज मात्र चुकीचा आहे. स्प्रिंग तीच राहते. गाडीची मागची बाजू उंचावते, पुढचा फोर्क किंचित उभा होतो आणि गाडी अधिक चपळपणे वळते. मीही सुरुवातीला थेट शेवटच्या खाचेवर जाऊन घाटात कंबर दुखवून घेतली होती (हौस, दुसरे काय!).

रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉकअप किती वेगाने परत उसळतो ते ठरवणारा, स्क्रू असल्यास त्याला शेवटी हात लावा, एका वेळी एकच क्लिक, आणि प्रत्येक बदल वहीत नोंदवून त्याच ओळखीच्या रस्त्यावर तपासा. शॉकअपमधून तेल गळत असेल तर कोणतीही खाच कामाची नाही; तो दुरुस्त करावा किंवा बदलावाच लागतो.