विंडोज १० चा पाठिंबा संपला. लिनक्स टाकलं तर गेम चालतील का, आणि ते विकत घ्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहाव्या पिढीचा आय५, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय कार्ड असलेला पीसी आहे. विंडोज ११ त्यावर बसत नाही. दुकानदार म्हणतो नवीन मशीन घ्या, मित्र म्हणतो विंडोज काढून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाका. खेळणारे दोघं, तुम्ही आणि धाकटा भाऊ, आणि भावाचा जीव व्हॅलोरंट आणि फुटबॉलमध्ये. आजवर गेम आले ते पेनड्राइव्हवरून. आता लिनक्सवर ते विकत घेण्यात अर्थ आहे का, हे तुम्हाला हवं आहे.

मीही कोल्हापूरचाच. शिरोली एमआयडीसीत ड्रॉइंगचं काम करतो आणि घरच्या पीसीवर बरीच वर्षं फक्त मिंट हा लिनक्सचा प्रकार आहे. खेळणं तिथेच, विकत घेणंही तिथेच.

नवीन मशीन घेऊ नका, तुमच्या पीसीत अजून धमक आहे. पण आधी भावाला समोर बसवून स्पष्ट सांगा की त्याचे दोन्ही गेम लिनक्सवर चालणार नाहीत.

व्हॅलोरंटबरोबर व्हॅनगार्ड नावाचं अँटी-चीट, म्हणजे खेळातली फसवेगिरी पकडणारा प्रोग्राम, येतो. ते विंडोजच्या कर्नलमध्ये, सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, ड्रायव्हर म्हणून बसतं. लिनक्सचा कर्नलच वेगळा, त्यामुळे ते तिथे बसू शकत नाही, आणि ते नसेल तर सर्व्हर आत घेत नाही. त्याच कंपनीचा लीग ऑफ लेजंड्स कित्येक वर्षं लिनक्सवर चालायचा. २०२४ मध्ये त्यालाही व्हॅनगार्ड लावलं आणि लिनक्सवर खेळणारे सगळे एका अपडेटसरशी बाहेर फेकले गेले. फुटबॉलचीही तीच कथा. पाटाकडील की दिलबहार, कोणता फुटबॉल संघ भारी यावरून घराघरात वाद होणाऱ्या आपल्या गावात पोरांना ईए कंपनीचा फुटबॉल गेम हवा असतो, यात नवल नाही. पण फिफा २३ पासून ईएने पीसीवर स्वतःचं अँटी-चीट आणलं आणि तो रस्ता बंद झाला. फुटबॉल मॅनेजर २०२४ चालतो, पण त्यात पायाने चेंडू मारायचा नसतो, संघ चालवायचा असतो. भावाला तेवढ्यावर समाधान वाटेल का, हे तुम्हीच जाणता.

जीटीए ५ ची स्टोरी मजेत चालते. ऑनलाइन मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे अँटी-चीट लावल्यापासून चालत नाही. एपेक्स लेजंड्स चालायचा, त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर लिनक्सचं दार लावून घेतलं. कॉल ऑफ ड्यूटी आणि फोर्टनाइटही नाहीत.

आता यातली मला खरोखर टोचणारी गोष्ट सांगतो. बॅटलआय आणि इझी अँटी-चीट ही दोन्ही अँटी-चीट २०२१ पासून लिनक्सवर प्रोटॉनमार्फत (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय, तिच्याबद्दल पुढे सांगतो) चालू शकतात. गेम बनवणाऱ्याने ते आपल्या गेमसाठी सुरू करायचं असतं. इझी अँटी-चीटची मालकी एपिक कंपनीकडे आहे, फोर्टनाइटही एपिकचाच, तरीही तो बंद! म्हणजे व्हॅनगार्डसारखी प्रकरणं सोडली, तर उरलेल्यांपैकी बऱ्याच ठिकाणी अडसर तंत्राचा नाही, कंपनीच्या निर्णयाचा आहे. फसवेगिरीची भीती ते कारण म्हणून सांगतात आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण निर्णय त्यांचा आहे, तसा आपला पैसा कुणाला द्यायचा हा निर्णय आपला आहे. पुढचं सगळं मी याच भूमिकेतून लिहितोय.

एवढे सोडले, की चित्र एकदम पालटतं. एकट्याने खेळायचे गेम घ्या, मित्रांबरोबर को-ऑप घ्या, बहुतेक सगळे चालतात. याचं श्रेय वाइन नावाच्या प्रकल्पाला जातं. १९९३ पासून जगभरातले लोक तो घडवतायत. विंडोजचा प्रोग्राम जे काही मागतो, ते वाइन लिनक्सच्या पद्धतीने पुरवतं. त्यावर डीएक्सव्हीके बसतं, जे डायरेक्टएक्सचं, म्हणजे विंडोजच्या पद्धतीचं, चित्रकाम लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन पद्धतीत बदलून ग्राफिक्स कार्डाला देतं. व्हॉल्व्ह कंपनीने हे सगळं एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन या नावाने स्टीम या आपल्या ऑनलाइन गेमच्या दुकानातच घातलं. तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही, इन्स्टॉल दाबायचं आणि मग प्ले. २०२२ मध्ये स्टीम डेक आला, तो हातातला पीसी लिनक्सवरच चालतो, आणि तेव्हापासून गेम बनवणारेही प्रोटॉनवर तपासून बघायला लागले. स्टीमच्या मासिक पाहणीत ऑक्टोबर २०२५ मध्ये लिनक्सवाल्यांचा वाटा पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला. आकडा लहान दिसतो, पण मागे वळून बघणाऱ्याला तो फार मोठा वाटतो. लोकी नावाची कंपनी १९९८ मध्ये लिनक्ससाठी गेम आणायला निघाली होती, २००२ च्या सुरुवातीला तिला गाशा गुंडाळावा लागला.

तुमच्या कार्डाबद्दल दोन गोष्टी. १०५० टीआय हे पास्कल पिढीचं कार्ड, आणि एनव्हीडियाच्या ड्रायव्हरची ५८० ही मालिका या पिढीला चालणारी शेवटची. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ५८० निवडा, रीस्टार्ट करा. त्याहून नवा आकडा दिसला तरी त्याच्या नादी लागू नका. दुसरं म्हणजे डायरेक्टएक्स ११ पर्यंतचे गेम तुमच्याकडे छान चालतील, पण डायरेक्टएक्स १२ चे गेम पास्कलवर लिनक्समध्ये विंडोजपेक्षा हळू चालतात. गेमच्या सेटिंगमध्ये ११ चा पर्याय असेल तर तोच घ्या. पुढे कधी कार्ड बदलाल तेव्हा एएमडीचं बघा, त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही.

आणि डी ड्राइव्ह! विंडोजवरून आलेले बहुतेक जण इथे अडकतात. जुन्या हार्ड डिस्कवर गेम आधीच भरलेले असतात, म्हणून तीच डिस्क लिनक्समधल्या स्टीमला जोडतात, आणि मग गेम सुरूच होत नाहीत, की लिनक्स बेकार म्हणून मोकळे. ती डिस्क एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटमध्ये असते. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं खोटं विंडोज तयार करतं, त्यात ‘सी’पुढे कोलन (:) असलेल्या नावाचा दुवा असतो, आणि विंडोजच्या नियमाने तसं नाव एनटीएफएसवर चालत नाही. तिथून गडबड सुरू होते. त्यामुळे महत्त्वाचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा आणि गेम नव्याने उतरवा. स्टीमही शक्यतो व्हॉल्व्हच्या साइटवरच्या डेब (मिंटवर चालणाऱ्या सेटअप) फाइलमधून टाका.

आता विकत घेण्याचं. पेनड्राइव्हवरचे क्रॅक केलेले गेम लिनक्सवर कधी चालतात, कधी नाही, आणि न चालल्यास दोष क्रॅकचा की प्रोटॉनचा हे शोधता शोधता रात्र जाते. त्या सेटअपमध्ये आणखी काय घुसवलंय हे कुणी सांगू शकत नाही. विकत घेतलेला गेम लिनक्सवर जास्त सोपा पडतो, हे मी अनुभवाने सांगतो.

स्टीमवर भाव रुपयात असतात आणि यूपीआय चालतं, कार्ड लागत नाही. सगळ्यात मोलाची गोष्ट परताव्याची: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, पैसे परत मिळतात. ‘माझ्या मशीनवर चालला नाही’ हे कारण पुरतं. म्हणून गेम घेतला की त्याच संध्याकाळी उघडून बघा, सेलमध्ये घेऊन महिनाभर तसाच ठेवू नका.

घेण्याआधी प्रोटॉनडीबी ही साइट बघायची सवय लावा. तिथे खेळणारेच अहवाल लिहितात आणि प्रत्येक गेमला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ किंवा बोर्क्ड (चालतच नाही) असा दर्जा मिळतो. नुसता दर्जा बघून थांबू नका. खाली उतरा, अलीकडच्या तारखेचे आणि तुमच्यासारखंच कार्ड असलेल्यांचे अहवाल वाचा. चार वर्षांपूर्वीची तक्रार आज बहुधा मिटलेली असते, आणि कालच्या अपडेटने मोडलेला गेम वरून अजून गोल्डच दिसतो. गेम स्टीम डेकवर कसा चालतो हे सांगणाऱ्या शिक्क्याचंही तसंच आहे. ‘प्लेएबल’ असं लिहिलेलं असतं तेव्हा कित्येकदा तक्रार एवढीच असते की डेकच्या लहान पडद्यावर अक्षरं बारीक दिसतात. तुमच्या मॉनिटरवर त्याचा काही संबंध नाही.

एखाद्या गेममध्ये मधल्या व्हिडिओच्या जागी नुसते रंगीत पट्टे दिसले तर घाबरू नका. प्रोटॉनअप-क्यूटी नावाच्या छोट्या प्रोग्राममधून जीई-प्रोटॉन ही प्रोटॉनची वेगळी आवृत्ती उतरवा आणि त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये, कंपॅटिबिलिटीखाली तो निवडा. बहुतेक वेळा काम होतं. लिनक्ससाठी खास बनवलेली आवृत्ती असेल तर तीच चांगली, असंही समजू नका. काही कंपन्या ती एकदा काढतात आणि पुढे बघत नाहीत. तिथेही प्रोटॉन निवडून विंडोजची आवृत्ती जास्त नीट चालते.

दुसरं दुकान गॉग, आणि माझं मन तिथे जास्त रमतं. तिथल्या गेमला कॉपीबंदीचं कुलूप नसतं. सेटअपची फाइल उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवता येते, उद्या दुकान बंद पडलं तरी गेम तुमचा. स्टीमवर आपण परवाना घेतो, २०२४ पासून ते पैसे भरण्याच्या पानावर तसं स्पष्ट लिहितातही. कॅफेच्या जमान्यातला प्रोजेक्ट आयजीआय गॉगवर मिळतो. गॉग आणि एपिक, दोन्हींसाठी लिनक्सवर हिरोइक गेम्स लाँचर टाका. एपिक दर आठवड्याला फुकट गेम देतं, तेही त्यातून खेळता येतात.

पैसे देण्याला लिनक्सवर आणखी एक अर्थ आहे. मे २०१० मध्ये हम्बल इंडी बंडल निघालं, किंमत ग्राहकाने ठरवायची अशी योजना होती. लिनक्सवाल्यांनी विंडोजवाल्यांपेक्षा सरासरी बरेच जास्त पैसे मोजले. या लोकांना फुकटच लागतं, हा समज तेव्हा कित्येकांच्या डोक्यातून गेला. आज तुम्ही प्रोटॉनवर खेळलात तरी स्टीमच्या हिशेबात ती खरेदी लिनक्सच्या खात्यात धरली जाते, आणि गेम बनवणाऱ्याला ती दिसते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ विंडोजसाठी बनलेला आहे, प्रोटॉनवर सुंदर चालतो. आपल्या शेजारच्या शहरातल्या लोकांनी केलेलं काम विकत घेऊन खेळण्यात मला वेगळाच आनंद मिळाला.

पैसे न देता, पूर्ण हक्काने खेळायचे गेमही भरपूर आहेत. ०एडी हा प्राचीन साम्राज्यांचा गेम, सुपरटक्सकार्ट, बॅटल फॉर वेस्नॉथ, लुआंटी, सगळे मुक्त स्रोताचे. काउंटर-स्ट्राइक २ फुकट आहे, लिनक्सवर थेट चालतो, आणि भावाला व्हॅलोरंटच्या सगळ्यात जवळचा तोच वाटेल. बीजीएमआय तो फोनवर खेळत असेल तर तिथे काही बदलत नाही.

भाऊ तरीही ऐकत नसेल, तर लहान एसएसडी घेऊन त्यावर विंडोज १० फक्त व्हॅलोरंटपुरतं ठेवा. बँक, यूपीआय, ईमेल काहीही त्यावर उघडू नका, कारण १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबलेत. बाकी सगळं मिंटवर. दोघांची स्टीम खाती वेगळी काढा आणि स्टीम फॅमिलीजमध्ये जोडा, एका घरातले ६ जण त्यात बसतात. ज्या गेममध्ये ही सोय आहे तो एकाने घेतला की दुसऱ्यालाही खेळता येतो, फक्त एका प्रतीवर एका वेळी एकच जण. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा, डिस्कला हात न लावता. वाय-फाय, आवाज आणि पडदा तिथे नीट दिसले की मग इन्स्टॉल करा.