वेचणी संपली, पण टाच टेकेना

पत्र: माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. दर आठवड्याला त्याला थेरपीला धुळ्याला नेत होते. दसऱ्यापासून कापूस वेचणीत अडकले आणि चार महिने खंड पडला. आता त्याची उजवी टाच टेकत नाही, पाऊल सरळ धरणारा स्प्लिंट घातला की रडतो. सासूबाई म्हणतात, आता नेऊन काय उपयोग? हे माझ्यामुळे झालं का? अखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) परत सुरू करू का?
– एक आई, पारोळा तालुका

ताई, आधी अखाजीचं. तेवढं थांबू नका. माहेरचा झोका कुठे पळून जात नाही, याच आठवड्यात धुळं गाठा.

सेरेब्रल पाल्सी ज्या मेंदूच्या इजेने होते, ती इजा या चार महिन्यांत वाढलेली नाही, ती वाढत नसतेच. वाढलंय ते पोर. हाडं लांब होतात आणि पोटरीचा ताठर स्नायू मागे राहतो. रोजचा व्यायाम आणि स्प्लिंट त्याला हाडाबरोबर ओढत आणत होते. ते थांबलं, तशी टाच उचलली गेली. सासूबाईंशी वाद घालू नका. पोराच्या चपला उलट्या करून दाखवा: उजवीचा चवडा झिजलेला, टाच कोरी.

स्प्लिंटला रडतो तो हट्ट नव्हे. काढल्यावर अर्ध्या तासानेही घोट्यावर लाल वण राहत असेल, तर स्प्लिंट लहान झालाय. रेटून घालू नका, जखम होईल. कुणी ‘मी सरळ करून देतो’ म्हणत पाय जोरात दाबू लागलं तर हात धरा. झटका बसला की असा स्नायू अजून घट्ट होतो. तेल लावा हवं तर, पोराला बरं वाटतं. पण तेलाने स्नायू लांबत नाही.

उपयोग आहे, पण सोडलं तिथूनच सुरू होईल असं नाही. आधी मोजमाप होईल. कदाचित पोटरी हळूहळू ताणायला ठरावीक दिवसांनी बदलायचं प्लास्टर सुचवतील, मग नवा स्प्लिंट. तो ऐन वैशाखात मिळाला तर आत सुती मोजा घाला, नाहीतर घामाने पोर काढून फेकेल. मुलगा आधाराशिवाय चालत नसेल तर खुब्याच्या एक्स-रेचंही विचारा. खुबा सरकू लागतो तेव्हा सुरुवातीला दुखतच नाही, म्हणून लक्षात येत नाही.

आता ते ‘माझ्यामुळे’. वेचणीला मजूर मिळत नाही आणि कापूस भिजला तर वर्ष बुडतं, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. चुकलं असेल तर एवढंच, की तुमचा हंगाम थेरपिस्टला ठाऊक नव्हता. या वेळी आधीच सांगा: दसरा ते संक्रांत मला महिन्यातून एकदाच जमेल, घरी रोज काय करायचं ते शिकवा. त्या दिवशी नवऱ्याला सोबत न्या. तुम्ही व्हिडिओ काढून आणण्यापेक्षा त्यांच्या हातांना सवय लागू दे. हे तुमच्या एकटीच्या गळ्यात राहिलं तर पुढच्या वेचणीला पुन्हा हेच होईल, मला तरी दुसरं काही दिसत नाही.

भाड्याचं म्हणाल तर 2023 पासून एसटीत तुमचं तिकीट अर्धं आहे, आणि दिव्यांग प्रमाणपत्रावर मुलाला 75 टक्के सवलत मिळते. केंद्राच्या निरामय विमा योजनेत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना 1 लाखापर्यंत संरक्षण आहे, त्यात काही मर्यादेत थेरपीही बसते. अर्ज केला नसेल तर करा.

आणि जुना स्प्लिंट भंगारात देऊ नका. पिशवीत घालून न्या. तो पायाला लावून बघितला की चार महिन्यांत पाऊल किती वाढलं ते थेरपिस्टला लगेच कळेल.